भूमिपूजनाला खड्डा तयार हाय

आमच्या गल्लीत पाणी येतं आठव्या दिवशी आन् किस्से येतात रोज. पाण्यासाठी घरोघरी निळे ड्रम ठेवलेत, किस्से ठेवायला एवढं एक डोकंच! तेबी आता भरून वाहायला लागलं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जिंदगी भिंती रंगवण्यात गेली. या शहरात असा एक पक्ष नाय की ज्याचं चिन्ह मी काढलं नाय. त्यामुळं सगळे मला 'पेंटरकाका' म्हणतात आन् सगळेच मला थोडं भितात. बरंच हाय!

आमची बैठक इसाकभाईच्या चहाच्या हाटेलावर. समोरच्या टोकाला, गल्लीतलं शेवटचं घर कमलमावशीचं. एकटी बाई, कॉलेजच्या पोरांना डबे देते. शेवटचं घर म्हणजे पाण्याचाबी शेवटचा नंबर. जुन्या लाइनीला तिच्यापर्यंत यायला दमच उरत नाय. नवी लाइन आली, पण मावशीच्या दारापासून चार फुटांवर थांबली. चार फूट! तेवढी जोडणी झाली की लांबून हंडे वाहणारे मावशीचे दोन्ही गुडघे सुटले. नाय झाली तर डबे बंद, कारण पोरं आत्ताच दुसरी मेस बघायला लागलीत.

हे एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळी मजाच हाय.

*

आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा माणूस कोण? आमदार? नाय. लाइनमन बनसोडे! पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी त्याच्या खांद्यावर. ती चावी घेऊन तो सायकलवरून निघाला की लोक उभे राहतात.

जाधव सर म्हणजे आमचे रिटायर मास्तर. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. गुरुजींनी मुहूर्त काढून दिला. सर पत्रिका छापायच्या आधी थेट बनसोडेकडं! "बनसोडे, या तारखेला आपल्याकडं पाणी हाय का?"

बनसोडेनं खिशातली डायरी काढली, बोटं मोजली. "नाय सर. आदल्या दिवशी हाय. आदल्या दिवशीच उरका."

सरांनी मुहूर्त बदलला! गुरुजी लई चिडले. पण उपाशी पोटाचा गुरुजी किती चिडणार? जेवण तर लग्नातच होतं!

लग्नात पहिला फेटा बनसोडेला. व्याही बघतच राहिले. विहीणबाईंनी नाक मुरडून विचारलं, "हे कोण, मुलीचे मोठे मामा का?"

सर म्हणाले, "मामा नव्हेत. आमचा व्हॉल्व्ह यांच्याकडं हाय."

तशी विहीणबाई ताडकन् उभी राहिली. "अगंबाई! मग त्यांना मधल्या खुर्चीवर बसवा ना! आमची लाइनबी यांच्याकडंच हाय!"

*

आता आमच्या विलासभाऊंची ओळख. विलासभाऊ म्हणजे भावी नगरसेवक. किती वर्षांपासून भावी? मधी बरीच वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाय, म्हणून भाऊ भावीचे भावीच राहिले. माणूस मनानं चांगला हाय. फक्त फोटोशिवाय त्याला श्वास घेता येत नाय.

एक दिवस सकाळी मला लहर आली. पाण्याचा दिवस नव्हता. मी घरातली परात घेतली, पळीनं बडवली आन् गल्लीतून वरडत सुटलो, "पाणी आलंऽऽ! फोर्समधी आलंऽऽ!"

काय पळापळ! हंडे, बादल्या, पाइप! एका बाईनं तर दुधाचं पातेलं रिकामं करून आणलं. विलासभाऊ अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल कोरा, तसेच बाहेर. सवयीनं हात मात्र जोडलेले!

मी लपून हसतोय तोवर माझ्याच मोबाइलवर टुण्ण वाजलं. वॉर्डाच्या ग्रुपवर मेसेज. "माझ्या सततच्या पाठपुराव्याला यश! आज गल्लीत मुबलक पाणी! आपला विलासभाऊ."

खाली फोटो. भाऊ हंड्यावर हात ठेवून उभे. मी मुद्दाम जाऊन त्या हंड्यात डोकावलो. कोरडा ठणठणीत!

आन् ग्रुपवर चाळीस लोकांनी अंगठे दिले होते. त्यात आमच्या गल्लीतलेच किती जण, रिकाम्या बादल्या हातात धरून!

*

फ्लेक्सच्या फलकांचं तर इचारूच नका. फलक आले आन् माझा धंदा बसला, म्हणून माझा त्यांच्यावर राग हाय, हे आधीच सांगून टाकतो.

वाढदिवसाच्या फलकावर खाली 'शुभेच्छुक' म्हणून ढीगभर फोटो असतात. गेल्या सीझनला चार पक्षांचे चार फलक लागले आन् चारीवर इसाकभाई! कुठं टोपीत, कुठं बिनटोपी, एका ठिकाणी तर गॉगल लावलेला. इसाकभाईनं जिंदगीत गॉगल घातला नाय!

जाधव सरांना असल्या गोष्टीचा लई त्रास होतो. सर म्हणाले, "इसाकभाई, माणसाला काही तत्त्व पाहिजे. तुम्ही नक्की कोणाचे?"

इसाकभाईनं चहा गाळता गाळता वर बघितलं. "सर, जिसका बॅनर मोटा, उसीच का मैं. बारिश में हाटेल पे डालनेकू होना ना!"

आम्ही मान वर केली. छपरावर तीन वाढदिवस अंथरलेले होते. चौथ्याची दोरी सुटायची वाट बघत होता गडी.

*

मावशीच्या जोडणीसाठी जाधव सरांनी अर्ज लिहिला. सरांचा अर्ज म्हणजे काय, तीन पानं, वळणदार अक्षर, शेवटी 'आपला नम्र' आन् खाली सही अशी की कलेक्टरची वाटावी.

पंधरा दिवसांनी हापिसातून एक साहेब फाइल घेऊन आला. मावशीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, तुमची जोडणी झालेली हाय. हे बघा, इथं टिक हाय."

मावशीनं त्याला हात धरून नेलं. चार फुटांची ती मोकळी जागा दाखवली. साहेबानं जागेकडं बघितलं, फाइलकडं बघितलं. पुन्हा जागेकडं. मग एकदम समजुतीनं म्हणाला, "म्हणजे कागदावर तुमच्याकडं पाणी येतंय."

मावशी म्हणाली, "बरं झालं बाबा. उद्यापासून कागदावरच डबे भरते. तुम्ही या जेवायला!"

साहेब हसला. मावशी नाय हसली. त्या आठवड्यात तिची पाच पोरं दुसऱ्या मेसला गेली होती.

*

मग सुरू झाली भूमिपूजनं. त्या चार फुटांसाठी खड्डा खणला, विलासभाऊंनी नारळ फोडला, फोटो निघाले, भाषण झालं. भाऊ गेले तसे कामगारबी गेले. खड्ड्यात कोणी पडू नये म्हणून आम्हीच माती लोटली.

तीन दिवसांनी दुसऱ्या पक्षाच्या ताई आल्या. खड्डा उकरला, नारळ, फोटो, भाषण. गुरुजी तेच! ते माझ्या कानात म्हणाले, "पेंटर, जमीन तीच, देव तोच, यजमान दुसरा. मी संकल्पात सांगू काय?"

मी म्हटलं, "सांगा, मागचंच पुढं चालू."

त्यानंतर विलासभाऊ पुन्हा आले. का? तर पहिल्या फोटोत डोळे मिटलेले होते!

दर वेळी मावशी ताट घेऊन औक्षण करायची आन् विचारायची, "जोडणी कवा?" दर वेळी उत्तर एकच, "झालीच म्हणून समजा मावशी!"

मला ऱ्हावलं नाय. रंगाचा डबा काढला, फळी घेतली आन् खड्ड्याजवळ बोर्ड ठोकला. "भूमिपूजनासाठी खड्डा तयार मिळेल. नारळ आपला आणावा." खाली माझा मोबाइल नंबर.

तुम्हाला वाटंल लोक लाजले असतील. अहो, संध्याकाळपर्यंत दोन फोन आले! एकानं इचारलं, "शुक्रवारी सकाळी मोकळा हाय का?"

*

आन् आता हा शेवटचा किस्सा.

गल्लीत बातमी फुटली की उद्यापासून आचारसंहिता. म्हणजे आज काम झालं तर झालं, नायतर निवडणुकीनंतर, म्हणजे कवा ते देवाला ठाऊक. सकाळीच विलासभाऊ हजर! या खेपेला हलगी, पंचवीस पोरं, एक इंजिनियर साहेब आन् शोभेला टेम्पोत खरा पाइप. एक पोरगं मोबाइल उंच धरून 'लाइव्ह' करत होतं.

खड्डा उकरला. नारळ फुटला. मावशी ताट घेऊन आली, भाऊंना कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आन् धीरानं एकेक पाय टाकत खड्ड्यात उतरली. उतरली ती बसलीच!

हलगी थांबली.

"मावशी, वर या, पडाल," भाऊ म्हणाले.

"पडले कुठं, बसले मी. इथं एवढ्या पूजा झाल्या, जागा पवित्र हाय. जोडणी करा, मंग उठते."

"अहो, आजच्या आज कसं—"

"पाइप तर टेम्पोत दिसतोय मला."

मोबाइलवाल्या पोराला भाऊ हातानं खुणा करायला लागले, बंद कर, बंद कर. त्याला वाटलं, जवळून घे म्हणतायत. तो पळत जाऊन मावशीजवळच उकिडवा बसला! ग्रुपवर धडाधड मेसेज पडायला लागले. इसाकभाईनं वाकून खड्ड्यात कपबशी पुढं केली. "मावशी, चाय लेओ. आराम से बैठो, जल्दी नक्को."

जाधव सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "जोडणी झालीच पाहिजे!" आन् स्वतःच दचकले.

भाऊंना घाम फुटला. त्यांनी इंजिनियर साहेबांकडं बघितलं, साहेबांनी आभाळाकडं. भाऊंनी साहेबांना बाजूला नेलं, काय बोलले देव जाणे, पण पाच मिनिटांत फिटर खड्ड्यात उतरला.

"मावशी, जरा सरका, पाना फिरंना."

मावशी वीतभर सरकली. उठली नाय!

तासाभरात पाइप बसला. बनसोडेला बोलावणं गेलं. तो चावी घेऊन आला, पाण्याचा दिवस नसताना व्हॉल्व्ह फिरवला. मावशीच्या नळानं दोनदा खोकल्यासारखं केलं आन् मग पाण्याची अशी धार लागली की आख्खी गल्ली वरडली! मावशी माझा हात धरून खड्ड्यातनं वर आली. तिनं आधी तोंड धुतलं. पाण्यानं ओलं की आणखी कशानं, मी बघितलं नाय.

भाऊ पुढं आले. हात जोडले, मोबाइलकडं अर्धं तोंड केलं आन् मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, शब्द दिला होता, पाळला! आता तुमचं मत आपल्यालाच ना?"

मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"मत व्हय? माझं नाव अजून गावाकडं, पिशोरच्या मतदारयादीत हाय, भाऊ. पाणी घेता थोडं?"