सिनेमाची मोजणी करणारे बनसोडे सर

मधुकर बनसोडे सरांची आणि माझी पहिली भेट धाराशिवच्या एका टॉकीजमध्ये, अंधारात झाली. तेरच्या शाळेत मराठी शिकवायला मी नुकतीच आले होते. चाळिशी ओलांडली तरी एकटीने सिनेमा पाहिला नव्हता. त्या रविवारी घरी 'शाळेचं काम आहे' असं सांगून बसने धाराशिवला आले आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसले. सिनेमा गाजलेला, खर्चिक, पडद्यावर सतत काहीतरी कोसळत असलेला. शेजारच्या खुर्चीत पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ मांडीवर पाठकोरा कागद घेऊन बसले होते. हाणामारी सुरू झाली की ते पेन्सिलीने रेघा ओढत. मला वाटले, सरकारी तपासणीला आलेले कोणी असावेत.

मध्यंतरात दिवे लागले तसे ते अदबीने माझ्याकडे वळले.

"बाई, माफ करा. तो खलनायक पुलाच्या अलीकडं होता का पलीकडं?"

"पलीकडं," मी म्हणाले.

"मलाबी तसंच वाटलं. मग त्यानं फेकलेला ट्रक हिरोच्या पाठीमागनं कसा आला?"

"फिरून आला असेल."

"ट्रक?"

आम्ही दोघेही इतके हसलो की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिले. अनोळखी माणसासमोर मी इतक्या मोठ्याने त्याआधी कधी हसले होते, मला आठवत नाही.

सरही तेरचेच निघाले, आणि परतीला एकच बस होती. मी घरी खोटे सांगून आले आहे हे सरांनी कसे ओळखले, कोण जाणे. तेरला उतरताना एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी आमच्या मंडळींनाबी आणतो. घरी खरं सांगून या. सिनेमा ही चोरून बघायची गोष्ट न्हाय." आणि चार दिवसांनी शांताकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, थेट आमच्या दारात. माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून मला सोबतीला पायजे. ह्यांच्या शेजारी बसलं की हे मला सुखानं सिनेमा बघू देत न्हायत." सासूबाईंना हे कारण लगेच पटले. तेव्हापासून आजपर्यंत मी सांगून-सवरून सिनेमाला जाते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी सरांच्या नोकरीविषयी, त्यांनी वस्तीत चालवलेल्या अभ्यासिकेविषयी लिहितील. माझ्याकडे सिनेमा आला आहे. पण नोकरी सोडून सरांचा सिनेमा सांगता येत नाही. सर भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होते. लोक त्यांना मोजणीवाले साहेब म्हणत. जिल्ह्यातल्या कितीतरी भांडणाऱ्या भावांच्या मधोमध ते मोजणीची साखळी घेऊन उभे राहिले. त्यांचा एक नेम होता : मोजणी संपेपर्यंत दोन्ही बाजूंपैकी कुणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही. तामलवाडीत एकदा त्यांच्याकडे अशा रानाची मोजणी आली, जिथे त्यांचे वडील रोजाने राबले होते आणि जिथल्या मालकाने वडिलांना एकदा बांधावरून हाकलून दिले होते. मोजणी त्या मालकाच्या बाजूने निघाली. सरांनी निघाली तशी लिहिली. ही हकीकत मला काकूंनी सांगितली. सरांपाशी विषय काढला तर म्हणाले, "साखळीला काय ठाऊक, कोण कुणाला काय बोललं?"

सिनेमालाही सर हाच नेम लावतात. सिनेमा येण्याआधी त्याच्या झलकी पाहत नाहीत, मुलाखती वाचत नाहीत. "तो एका पार्टीचा चहा हाय," असे त्यांचे म्हणणे. ज्या नटाला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याच्या सिनेमाचेही त्यांनी दोन दोन तास मन भरून कौतुक केलेले मी ऐकले आहे.

दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक बसते. शाळेचे दोघेतिघे, मोबाइलचे दुकान असलेले शकीलभाई, काकू आणि मी. सर आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाचा नकाशा उलगडतात. शेवटच्या मारामारीत कोण कुठे उभा होता, दार कुठे, जिना कुठे, उजेड कुठून येत होता, सगळे त्यात असते. नकाशा काढता आला तर दिग्दर्शक पास. न आला तर सर कागद कोराच ठेवतात आणि सगळ्यांना दाखवतात. तो कोरा कागद बघून शकीलभाईंचा चेहरा पडतो, कारण बहुतेक वेळा तो त्यांच्या लाडक्या नटाचा असतो.

मोठ्या सिनेमांना नाके मुरडणाऱ्यांपैकी सर मुळीच नाहीत. उलट ते म्हणतात, "मोठा सिनेमा म्हणजे मोठं रान. बांध नीट आसले तर बघायला काय देखणं दिसतं!" हजार माणसांच्या लढाईतही दिग्दर्शकाने एक झेंडा, एक झाड, एक पडकी भिंत डोळ्यांसमोर धरून ठेवली, तर प्रेक्षक हरवत नाही, हे मला सरांनी शिकवले. त्यांची तक्रार वेगळी आहे. "सगळं शहर पाडलं. पण कुणाचं घर पडलं, ते कळंना. मग मला वाईट कसं वाटणार?" हिरोच्या संथ चालीविषयीही त्यांचे मत पक्के आहे. डोळ्यांनी निसटले असते, ते संथ करून दाखवावे. हिरो दारातून आत आला, हे काय निसटते? "तो उंबरा ओलांडस्तोवर माझा जमिनीचा एक गट मोजून झाला असता."

टीव्हीवरच्या मालिकांवर तर त्यांचा विशेष राग होता. "दिवाणखान्यात नऊ माणसं. समदी एका रेषेत, समद्यांची तोंडं आपल्याकडं. घरात माणसं पाठ करून बसत न्हायत का?"

"बसतात की," काकू आतून म्हणाल्या. "तुमीच बसता, रोज. माझ्याकडं पाठ करून."

बैठकीत सरांचा शब्द शेवटचा, असे मात्र नाही. मोजणी मान्य नसेल तर शेतकरी फेरमोजणीचा अर्ज करू शकतो. त्याला खात्यात 'निमताना' म्हणतात. सरांनी तो कायदा ओट्यावर आणला. ज्याला त्यांचा निकाल पटणार नाही, त्याने कागदावर अर्ज लिहावा. मग सरांनी तो सिनेमा अर्जदाराच्या शेजारी बसून पहिल्या क्षणापासून पुन्हा पाहायचा आणि शनिवारी नवा निकाल वाचायचा. "खात्यात निमताना वरचा साहेब करतो," ते हसत म्हणतात. "इथं वरचा साहेब न्हाय, म्हणून मलाच माझ्या डोक्यावर बसावं लागतं."

शकीलभाईंनी तीन अर्ज केले, तिन्ही हरले. शेवटच्या वेळी म्हणाले, "साहेब, जाऊ द्या. दिल आपला है, नकाशा तुमचा." काकूंचा अर्ज मात्र गाजला. त्यांनी आपल्या मालिकेसाठी निमताना टाकली आणि सरांना महिनाभर रोज शेजारी बसवले. पहिला आठवडा सर उसासे टाकत होते. दुसऱ्या आठवड्यात 'अगं, पुढं काय झालं?' विचारू लागले. महिनाअखेर त्यांनी ओट्यावर उभे राहून निकाल वाचला : नऊ माणसे एका रेषेत उभी करणे ही चूकच, पण रोज एक भाग पुरा करायचा आणि तरी सासूच्या डोळ्यांतले पाणी वेळेवर आणायचे, हे काम त्यांनी कमी लेखले होते. अर्ज अंशतः मंजूर. काकूंनी सगळ्यांना शिरा वाटला.

तिसरी अर्जदार मी.

या बैठकांमुळे मला धीर आला आणि गेल्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना घेऊन, फोनवर, वीस मिनिटांचा एक सिनेमा केला. एक म्हातारी बाई आपल्या तीन खोल्यांच्या घरात दिवसभर वावरते, एवढीच गोष्ट. शाळेच्या पटांगणात तो सगळ्या गावाला दाखवायचे ठरले होते. त्याआधी मी तो ओट्यावर दाखवला. सर पेन्सिल घेऊन बसले, आणि संपल्यावर त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद धरला.

"बाई, राग मानू नका. चूल आधी उजव्या हाताला, मग डाव्या. ज्या दारातनं सैपाकघरात गेली, त्याच दारातनं पुढच्या वेळी अंगणात निघाली. घराचा नकाशा जुळंना."

काम वर्गातल्या एका मुलीच्या आईने केले होते, पण खरे तर ती बाई माझी आई होती. जळकोटला माझ्या भावाकडे असते. दोन वर्षांपासून तिला स्वतःचे घर सापडत नाही. स्वयंपाकघर म्हणून जाते आणि कोठीत उभी राहते. मी ती दारे मुद्दाम हलवली होती, मोजून मापून हलवली होती, म्हणजे पाहणाऱ्यालाही तिच्यासारखेच हरवायला व्हावे. पण हे मी कुणालाच सांगितले नव्हते. सिनेमानेच ते सांगायला हवे होते. ते सरांनाच कळले नाही, तर गावाला काय कळणार? घरी येऊन मी मुख्याध्यापकांना कळवले की कार्यक्रम रद्द करा. फोनमधला सिनेमाही पुसायला घेतला होता. हात थांबला, कारण त्यात आई जिथे जिथे गोंधळली होती, ती प्रत्येक जागा होती.

काकूंनी माझा चेहरा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. "रद्द काय करतीस? निमताना टाक."

"काकू, सरांचं चुकत नाही."

"चुकतंय. चाळीस वर्सं संसार केलाय त्यांच्यासंगं. मला इचार."

मी अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. सर आणि काकू आमच्या घरी आले. सरांनी कागद पसरला, मी सिनेमा लावला. पहिल्या खोलीचा नकाशा त्यांनी काढला. दार हलले, त्यांनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. चौथ्या कागदावर निम्म्यात त्यांची पेन्सिल थांबली. सिनेमा संपेपर्यंत ते नुसते पाहत राहिले.

"बाई," ते हळू म्हणाले, "ह्या माउलीला घर सापडत न्हाय, व्हय?"

"व्हय."

"कोण हायत?"

"आई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

शनिवारी सर ओट्यावर उभे राहिले आणि ते चारही नकाशे त्यांनी भिंतीला लावले. "मूळ मोजणी रद्द," ते म्हणाले. "ज्या सिनेमात दिग्दर्शकालाच बांध ठाऊक नसतात, तिथं आपण हरवतो आन् चिडतो. हितं बाईंना समदे बांध पाठ हायत, म्हणून त्यांना ते हलवता आले. हे चार नकाशे बघा, चारी बरोबर हायत. चूक माझी. म्या घर मोजत बसलो. मोजायची होती ती बाई." मग माझ्याकडे वळून, पंचाहत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने हात जोडले. सगळ्यांच्या देखत. निकाल चुकला म्हणून तो इतक्या मोकळेपणाने मागे घेणारी माणसे मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

सिनेमा पटांगणात दाखवला गेला. कितीतरी बायका नंतर माझा हात धरून आपापल्या आईविषयी, सासूविषयी बोलल्या. पण मला या लेखात सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

सर म्हणाले, "जळकोटला जाऊ. आईंना भेटायचंय." आम्ही गेलो. आई ओसरीवर बसली होती. तिने विचारले, "कोण म्हणायचं?"

"मी बनसोडे. मोजणीवाला."

"आमचं काय भांडण न्हाय बाबा कुणाशी," आई घाबरून म्हणाली.

"ठाऊक हाय. मी नुसतं घर बघाय आलोय. दाखवता का?"

आईचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी दिवसांत कुणी तिला घर दाखव म्हटले नव्हते. सगळे तिलाच घर दाखवत होते. तिने सरांचा हात धरला आणि पुढे निघाली. अंगणाला ओसरी म्हणाली, सर 'बरं' म्हणाले. मग तिने कोठीचे दार उघडले. आत ज्वारीची पोती, जुना पंखा, एक मोडकी खाट. "हे माझं सैपाकघर," आई अभिमानाने म्हणाली.

मी मागे उभी होते. भावाने दुरुस्त करायला तोंड उघडले होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात वीतभर हद्द चुकीची लिहून दिली नाही, तो माणूस त्या पोत्यांकडे नीट, सावकाश पाहत होता.

"व्हय, आई," सर म्हणाले. "उजेड लई चांगला येतो हितं."

पंचाहत्तर वर्षे पूर्ण करणाऱ्या आमच्या बनसोडे सरांना उत्तम आरोग्याचे, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांत बाल्कनीचे जिने चढण्याचे बळ राहो आणि काकूंशी मालिकेवरून रोज एक तरी वाद होवो. मी सध्या दुसऱ्या सिनेमाच्या तयारीत आहे, त्यानंतरचा तिसराही डोक्यात आहे. ते सगळे सरांनी पाहावेत, हवे तर सपशेल नापास करावेत, आणि आमचे हे सिनेमाचे भांडण मिटायला आम्हाला पुष्कळ पुष्कळ वर्षे लागावीत.