बाळाराम भाजी खुडायला गेला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण उत्तर काश्मीरमध्ये होती. मी लान्स नायक, रेडिओ ऑपरेटर. आमची पोस्ट एका उंच धारेवर होती. वीस-बावीस जवान आणि पोस्ट कमांडर म्हणून एक सुभेदार साहेब. नोव्हेंबरात बर्फाने वाट बंद झाली की एप्रिलपर्यंत खालून काही वर येत नसे. हिवाळाभर पुरेल एवढं रेशन आधीच चढवून ठेवलेलं असायचं: पीठ, तांदूळ, डाळ, डब्यातलं मटण, अंड्याची पावडर, कांदे, बटाटे.

त्या वर्षी कांदे जानेवारीत संपले. बटाटे संपेनात. गोठलेला बटाटा गोड लागतो. दोन-चार दिवस चालतो, मग त्या गोडीने जीव विटतो. पोरांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या, पण गोळीने जेवण गिळवत नाही.

लंगर, म्हणजे पोस्टचं स्वयंपाकघर, शिपाई बाळाराम घरत सांभाळायचा. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या पलीकडच्या गावचा, आगरी, वय चोवीस. मी पनवेलचा, एस.टी. स्टँडच्या मागे आमचं घर. गावी असताना आमची कधी गाठ पडली नाही, ती पडली थेट या बर्फात. तो मला पनवेलकर म्हणायचा. मी संध्याकाळचा रिपोर्ट देऊन लंगरमध्ये शेकायला जाई.

"काय पनवेलकर, काय खानार?"

"काय आहे?"

"बटाटा हाय."

"आणि दुसरं?"

"दुसरा बी बटाटाच."

हसायचा. पण मार्चमध्ये एकदा शिपाई जाधवने भरलेली थाळी बर्फात भिरकावली. बाळाराम बाहेर गेला. त्याने थाळी उचलली, बटाट्याच्या फोडी एकेक वेचल्या आणि आत येऊन भांडी घासायला बसला. त्या दिवशी तो स्वतः जेवला नाही. मी समजावायला गेलो तर म्हणाला, "त्याचा काय चुकला? मना बी जात नाय."

एप्रिलमध्ये वाट थोडी उघडली. पहिला पोर्टर रॉकेल घेऊन वर आला. करीम नावाचा, खालच्या वस्तीतला म्हातारा माणूस. नाल्याकाठी जिथे बर्फ सरकलं होतं तिथे जमिनीला चिकटून दातेरी पानं फुटली होती. करीमने मूठभर खुडून बाळारामच्या हातावर ठेवली.

"ये हंद है. फूल आने से पहले तोड़ो. बाद में ज़हर जैसा कड़वा."

बाळारामने एक पान चावलं. तोंड वाकडं केलं. मग मला म्हणाला, "आपली भारंगी अशीच लागते. उकडून पानी फेकाया लागतं."

त्या दुपारी तो पोतं घेऊन नाल्याकाठी बसला. मीही हात लावला. आमच्या पाण्याच्या जागेपाशीच भाजी होती. बोटं बधिर झाली, पण अर्धं पोतं भरलं.

पाला त्याने तीन पाण्यांत धुतला, उकळला, पिळून बारीक चिरला. बटाट्यांचे कोंब काढून, सालं तशीच ठेवून ते मिठाच्या पाण्यात उकडले. त्या उंचीवर बटाटा लवकर शिजत नाही. तो झाकणावर दगड ठेवायचा आणि स्टोव्हला हवा मारत राहायचा. मग मोठ्या कढईत मोहरीचं तेल, ठेचलेली सुकी मिरची, लसणाची शिल्लक राहिलेली शेवटची गड्डी. बटाटे मोडून खरपूस होऊ दिले. पाला सगळ्यात शेवटी. झाकण नाही. "झाकन घातला तर पाला काला परतो," असं तो म्हणायचा.

गोड बटाटा आणि कडू पाला. एकाने दुसऱ्याला सावरलं. त्या संध्याकाळी लंगरमध्ये सगळे खाली मान घालून जेवले. नुसता थाळ्यांचा आवाज. जाधव दुसऱ्यांदा थाळी घेऊन उभा राहिला. बाळारामने ती भरली. तो तेवढा खूश मला आधी कधी दिसला नव्हता.

पुढचा आठवडाभर रोज तीच भाजी झाली. पाण्याजवळचा पाला संपला.

मग खालून संदेश आला. कंपनी कमांडर मेजर साहेब दुसऱ्या दिवशी पोस्टवर येणार होते. सुभेदार साहेब सकाळी लंगरच्या दारात आले. मी आत चहा घेत होतो.

"घरत, साहेब इथेच जेवणार आहेत. ती पाल्याची भाजी कर."

"जवलची संपली सायब. खाली नाल्याच्या वलनाव हाय थोडी."

"मग आण तिथून. जाधवला घेऊन जा."

नाल्याच्या वळणावर वरच्या उतारावरून बर्फ घसरून येत असे. त्या उतारावर आमच्याच सैन्याची माइनफील्ड होती. भोवती तार आणि लाल त्रिकोण. पण बर्फ तार मानत नाही. घसरताना ते पुरलेल्या माइन्स सोबत ओढून आणतं. म्हणून ऑर्डर होती: इंजिनियर्स येऊन तपासणी करेपर्यंत पाण्याच्या जागेपुढे कोणी जायचं नाही. ही ऑर्डर आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. सुभेदार साहेबांनाही.

"सायब, तिकडं अजून चेक नाय झाला."

"काठाकाठाने जा. काय युद्धावर चाललायस का?"

त्याने बटाट्यांचं पातेलं स्टोव्हवर चढवलं. पोतं खांद्यावर टाकलं. गेला.

साधारण अर्ध्या तासाने स्फोट झाला. एकच. धारेवर आवाज दोनदा घुमला. मी सेट पाठीला लावून पळालो.

जाधव वाटेवर उभा होता. दंडातून रक्त येत होतं, पण तो शुद्धीवर होता. "हलू नका, हलू नका," एवढंच ओरडत होता. बाळाराम त्याच्यापुढे चार पावलांवर पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. डाव्या मांडीत मोठी जखम. पोतं शेजारी, पाल्याने भरलेलं. त्याच्याच पावलांच्या ठशांत पाय टाकत माझ्यामागून आलेल्या दोघांनी त्याला बाहेर काढलं. मी त्याच्या मांडीला पट्टा आवळला आणि बटालियनला कॉल दिला.

"वन कॅज्युअल्टी, माइन ब्लास्ट, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"वेट."

मग, "बादल हैं. हेलिकॉप्टर नहीं आएगा. स्ट्रेचर पर नीचे लाओ. ओव्हर."

"रॉजर."

"जवान वहाँ क्या कर रहा था? किसके ऑर्डर से गया? ओव्हर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मागून पोचलेल्या सुभेदार साहेबांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला.

"बिना परमिशन गया था. ओव्हर."

जाधव खाली बसला होता. त्याने वर पाहिलं. बाळारामही शुद्धीवर होता. त्याने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ऐकलं नसावं, असं मी धरून चालतो.

आम्ही सहा जण स्ट्रेचर घेऊन उतरलो. मी सेटसह बाजूला. वाट निसरडी होती. एका ओढ्यापाशी खांदेपालट करायला थांबलो. त्याने माझी बाही धरली.

"स्टोव्हव बटाटे हाईत. पानी आटल. बघ जरा."

"बघतो."

"करपतील."

"बघतो म्हटलं ना. तू बोलू नको."

खालच्या मेडिकल पोस्टवर पोचायच्या आधीच तो गेला.

मेजर साहेबांचा दौरा रद्द झाला. पोतं कोणीतरी वर आणून लंगरच्या दारात ठेवलं होतं. ते टाकायचं कुणाच्या हातून होईना. जाधवने एका हाताने ती भाजी केली. पाणी फेकायचं त्याला ठाऊक नव्हतं. कडूजहर झाली होती. सगळ्यांनी संपवली. सुभेदार साहेब जेवायला आले नाहीत.

मृतदेहाबरोबर मला पाठवलं, कारण मी त्याच तालुक्यातला. मुंबईपर्यंत विमान, पुढे लष्करी ट्रक. गावात वेशीपासून माणसं उभी होती. घोषणा होत्या. एका पुढाऱ्याने मला बाजूला घेतलं.

"चकमकीत गेला ना? दुश्मनाचे किती पडले?"

"माइनवर पाय पडला."

"हल्ला करताना?"

"भाजी आणायला गेला होता. जवानांसाठी आणि साहेबांसाठी. त्याला पाठवलं होतं."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हे इथे कुणाला सांगू नका. पोरं हसतील."

कोणी हसलं नाही. पण स्मशानातून परतताना घोषणा बंद होत्या. नाक्याला त्याचं नाव द्यायचं सकाळी जाहीर झालं होतं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी त्याची आई मला ओसरीवर घेऊन बसली. नवरा आधीच वारलेला, हा एकुलता एक.

"मना खरा सांग. काय झाला?"

मी सगळं सांगितलं. सुभेदार रेडिओवर काय बोलले तेही. शेवटी तिने एकच विचारलं.

"त्यानं आनलेली भाजी तुमी खाल्लीत?"

"खाल्ली, मावशी. सगळ्यांनी."

"बरा केलात."

परत गेल्यावर चौकशी झाली. मी ऐकलेलं सांगितलं, जाधवनेही सांगितलं. निकाल आला: जवानाची स्वतःची चूक. महिन्याभरात माझी दुसऱ्या कंपनीत बदली झाली. सुभेदार साहेब मुदत पूर्ण करून, हार घालून घेऊन निवृत्त झाले.

पुढच्या वर्षी मी सव्वीस जानेवारीला रजेवर होतो. बाळारामच्या गावच्या शाळेत झेंडावंदन होतं आणि त्याच्या आईला सत्कारासाठी बोलावलं होतं. मंडपामागे पुढाऱ्याचा माणूस तिला शिकवत होता, "गोळी लागली म्हणा, काकू. एवढंच म्हणा आणि बसा." मी तिथेच उभा होतो. तिने मान डोलावली.

माइक तिच्यासमोर आणला. तिने तो हाताने थोडा दूर केला.

"माजा पोर भाजी खुराया गेला व्हता. लोकांना जेवन जात नव्हता म्हनून. सायब जा बोल्ला, म्हनून गेला. गोली-बिली काय नाय लागली. मना खोटा बोलाया सांगतान. मी नाय बोलनार."

सत्काराची शाल तिने खुर्चीवर ठेवली आणि मधल्या वाटेने घरी गेली. मास्तरांनी घाईघाईने पुढचं गाणं सुरू करायला सांगितलं.

त्यानंतर तिला कधी बोलावणं आलं नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावाभोवती बिल्डिंगा उभ्या राहिल्या. तिथे राहायला आलेल्यांना हे नाव माहीत असायचं कारण नाही.

शिपाई बाळाराम घरत. आमच्या पोस्टचा कुक. तो असेपर्यंत आमच्यातला एकही जवान उपाशीपोटी सेंट्रीवर उभा राहिला नाही, आणि तो ऑर्डरशिवाय कुठेही गेला नाही.