लताताईच्या पलंगाची गाडी

आमच्या दाजींना नटबोल्ट म्हटलं की हसू यायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, लताताईचे, नवरे झुंबर पगारे. चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात बॉयलरच्या दुरुस्तीवर फिटर होते. "सहादू, नट आज ना उद्या ढिला होतो," असं मला त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. "जोड द्यायचा तर वेल्डिंगचाच. बाकी सगळी पोरखेळाची कामं." मी टेलर माणूस. नाशिकरोडला छोटंसं दुकान, पँटच्या चेनी बदलण्यात आणि बायकांचे ब्लाऊज उसवण्यात जन्म गेला. लोखंडातलं मला डोंबल कळतंय! मी आपली मान हलवायचो.

लताताईला आयुष्यात एकच ठिकाण बघायचं होतं, बुद्धगया. आमच्या विहारातून दरवर्षी यात्रेची बस निघते. तिच्यासाठी दारोदार फिरून नावं कोण गोळा करणार, तर लताताई. बसमधल्या म्हाताऱ्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोण करणार, तर लताताई. आणि बस सुटली की रस्त्याच्या कडेला उभं राहून हात कोण हलवणार, तर तीही हीच बया. कारण दरवर्षी नेमकं त्याच सुमाराला दाजींचं युनिट ओव्हरहॉलला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, निघायचं, रजा मिळायची नाही, आणि ही एकटी जायला तयार नाही. "जाईन तर दोघं मिळून," म्हणायची. अगं, तू जाऊन ये ना बाई, तिथं काय जोडीनं सत्यनारायण करायचाय का, म्हणून मी भांडलोय तिच्याशी. ऐकेल तर शपथ.

दाजी रिटायर झाले आणि त्याच वर्षी ताईची पाठ गेली. तीस वर्षं अंगणवाडीत लोकांची पोरं काखेत वागवली, पाण्याचे हंडे ओढले, त्याचं हे बक्षीस. मणक्यात गॅप पडलाय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करू, पण चालाल याची हमी देत नाही, असंही म्हणाले. मग कोण करतंय ऑपरेशन? पाव तास बसली की कमरेतून कळ निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत. आडवी पडली की बरं वाटायचं.

एकदा रेल्वेनं निघून पाहिलं त्यांनी. खालचा बर्थ मिळाला होता, पडून राहायला काही अडचण नव्हती. पण हलत्या डब्यातून संडासापर्यंत जायचं आणि तिथं उकिडवं बसायचं, ते तिला जमेना. भुसावळला उतरून दोघं परत आले. ताई म्हणाली, "राहू द्या आता." झालं, तेवढंच बोलली. पण दाजींनी चार दिवस धड अन्न खाल्लं नाही. मला म्हणाले, "सहादू, चौतीस वर्षं मी हिला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. आता हिला झोपवून न्यायचं. घरच घेऊन जायचं."

आणि खरंच माणसानं गाडी आणली! लासलगावला एका व्यापाऱ्याच्या कांदाचाळीमागे बंद पडलेल्या शाळेची मिनीबस उभी होती. पिवळी, काचा गेलेल्या, आणि आत काय, तर कांदे. व्यापारी तिचा गोडाऊनसारखा उपयोग करत होता. इंजिन मात्र ठीक होतं. दाजींनी ती कॉलनीत आणून उभी केली तेव्हा अख्ख्या गल्लीत कांद्याचा वास सुटला. पोरं म्हणायला लागली, "झुंबरकाका आता भजी विकणार." माझी बायको मला म्हणाली, "तुमच्या दाजींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणालो, "माझं कुठं आहे?"

पेन्शनीतून जेवढं निघेल तेवढ्यातच सगळं करायचं होतं, त्यामुळे गाडीतली एकही वस्तू दुकानातली नव्हती. कमोड पाडकाम चाललेल्या लॉजमधला. खिडक्या कुणाच्या तरी जुन्या ऑफिसच्या. पाण्याला निळा प्लास्टिकचा ड्रम. सातपूरच्या भंगारवाल्यांकडे दाजींच्या इतक्या चकरा झाल्या की ते लांबूनच चहा सांगायचे. वास जावा म्हणून आतून तीनदा सोड्यानं धुतलं, कडुनिंबाचा पाला जाळला. शेवटी ताई खिडकीतून ओरडली, "अहो, कांदा तर कांदा! मी काय नाक वर करून झोपणार आहे का?"

पलंगाची मापं मी घेतली. ताई आडवी झाली, मी टेप धरली, दाजींनी लिहून घेतलं. डोकं ते टाच, कोपर ते कोपर, पाय खाली सोडला तर जमिनीपासून गुडघा किती. ताई हसत होती. "आयुष्यभर ब्लाऊज शिवलास फुकटात, आता पलंग शिव." गादी मी केली, काथ्याची, वर कापसाचा थर. पडदे केले. सीट सगळ्या काढून टाकल्या होत्या, फक्त ड्रायव्हरच्या मागची एक ठेवली, बरोबरच्या माणसासाठी.

आणि पलंग दाजींनी वेल्डिंग करून बसवला. खालच्या पत्र्याला चार गोल भोकं पाडली, पलंगाचे चारही पाय त्यातून खाली नेले आणि थेट गाडीच्या चेसिसला जोडले. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याच्यावर सगळी बॉडी बसते. काम झाल्यावर काळा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बघ हलवून." मी हलवला. हलतोय कुठला! "आता गाडी उलटली तरी माझी लता पलंगावरून पडायची नाय," म्हणाले. मी मान हलवली. वाहवा, दाजी, म्हणालो.

आठ महिन्यांनी गाडी तयार झाली. लांब जाण्याआधी एक फेरी मारून बघू, म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही त्रिरश्मी लेण्यांकडे निघालो. दाजी चालवायला, ताई पलंगावर, मी तिच्या शेजारी सीटवर. कॉलनीतल्या बायका जय भीम करायला बाहेर आल्या होत्या.

पहिला खड्डा आला तो कोपऱ्यावरच. मला सीटवर नुसता हेलकावा बसला. ताई मात्र पलंगावर वीतभर उडाली आणि आदळली. मी हात धरला तिचा. पुढं दुसरा खड्डा, मग गतिरोधक, मग द्वारका चौकापर्यंत तो उखडलेला रस्ता. आमच्या रस्त्यांबद्दल मी काय बोलावं! प्रत्येक दणका त्या पलंगातून सरळ तिच्या पाठीत जात होता. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं.

"लता, कसं वाटतंय?" दाजी पुढून ओरडले.

तिनं बोळा काढला. "छान! पाळण्यात झोपल्यासारखं!"

आणि माझ्या हाताला असा चिमटा घेतला की दोन दिवस वण होता. हळूच म्हणाली, "बोललास तर बघ."

लेण्यांच्या पायथ्याशी गाडी उभी केली. पायऱ्या काही तिला चढायच्या नव्हत्याच. दाजींनी खिडकी उघडली, उशी उंच केली, तिनं झोपूनच हात जोडले. दाजी टपरीवरून तीन चहा घेऊन आले आणि अख्ख्या टपरीला सांगून आले की गाडी मी स्वतः बनवली. त्या माणसाचा इतका खुललेला चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता, खरंच. तिथूनच त्यांनी पुण्याला संजनाला, त्यांच्या मुलीला, फोन लावला. "येत्या गुरुवारी निघतोय आम्ही. आईला कसलाही त्रास नाय. अगं, पाळणा म्हणतेय ती!" मी चहा ओतून टाकला.

सोमवारी दुकान न उघडता मी ताईकडे गेलो. दाजी टायरमध्ये हवा भरायला गेले होते. ताई गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन पडली होती, तोंड सुकलेलं. मी म्हणालो, "ताई, हे पंधरा किलोमीटरचं झालं. बुद्धगया दीड हजाराच्या वर आहे. तू मरशील."

"मरत नाही मी इतक्यात."

"मी सांगणार दाजींना."

"सहादू," ती म्हणाली, "दुखतं ना, ते इथंही दुखतंच. तिथं दुखलं तर निदान झाडाखाली दुखेल. त्यांनी आठ महिने हातावर ठिणग्या झेलल्यात रे. तू गप्प बस, एवढं कर माझ्यासाठी. आयुष्यात कधी काही मागितलं का तुला?"

नव्हतं मागितलं. वडील गेल्यावर मला शिवणक्लासला तिनं घातलं, पहिलं मशीन तिनं घेऊन दिलं, आणि मागितलं कधीच काही नाही. मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

मंगळवारचा दिवस तसाच गेला. बुधवारी सकाळी दाजी गाडीला हार घालायला निघाले होते, झेंडूचा. मला राहवेना. मी रागानंच बोललो, कुणावरचा राग कोण जाणे. "दाजी, हार राहू द्या. तिला पाळणा-बिळणा काही वाटला नाही. ती पदर चावत होती सगळा रस्ता. तुम्हाला कळू नये म्हणून." दाजींनी हार बोनेटवर ठेवला आणि म्हणाले, "बस गाडीत."

सातपूरला वाल्मीक नावाचा मिस्त्री आहे, ट्रक-टेम्पोची कामं करतो. तो गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो कपाळाला आठ्या घालून.

"हे वेल्डिंग कुणी मारलं?"

"मी," दाजी म्हणाले.

"काका, चेसिसला वेल्डिंग मारत नसतात. नटबोल्टानं आवळायचं आन मधी रबर टाकायचं. रस्त्याचा दणका रबरानं खायला पायजे. तुम्ही तर सगळा दणका वर पाठवला." त्यानं दाजींना वाकायला लावलं, बॅटरी मारली. "आन ही बघा. जिथं वेल्डिंगचा ताप दिला तिथं चेसिस चिरलीये. ह्या बाजूला बी. बॉयलर एका जागी उभा असतो काका, गाडी मुरडत चालती."

"प्लेट मारली वरून तर?"

"परत वेल्डिंगच ना? नाय. म्या तरी ही गाडी लांबच्या रस्त्याला सोडणार नाय. घाटात दोन तुकडे होतील."

दुसरी चेसिस घालायची म्हणजे दुसरी गाडीच घ्यायची, आणि ती कुठून घेणार? दाजी खाली वाकलेलेच होते. एका जोडावरून बोट फिरवत होते. वाल्मीकच्यानंही राहवलं नाही, म्हणाला, "टाका मात्र लय सुरेख हे, काका." मला वाटलं, धरणी दुभंगावी. अहो, काखेत कापड थोडं सैल सोडलं नाही तर हात वर केला की शिवण टर्रकन जाते, हे मला पंधराव्या वर्षापासून ठाऊक आहे! पलंग हलवून बघताना एकदा तरी विचारायचं होतं, की दाजी, हे इतकं घट्ट कशाला? मी वाहवा म्हणालो.

घरी आलो. ताईची बॅग भरून कॉटशेजारी ठेवलेली होती, वर पांढरी साडी घडी करून. दाजींनी सगळं सांगितलं, एका दमात, तिच्याकडे न बघता. "माझ्याच हातानं घालवली गाडी," म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगितलंस."

"ताई, अगं, चेसिस चिरली होती. सांगितलं नसतं तर वाटेत कुठं तरी तुटली असती. दोघंही गेला असतात."

"तुटली असती तर तुटली असती," ती म्हणाली. "वाटेवर तरी असते ना मी."

दाजी उठले, बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवू लागले. ताईला ते बघवेना आणि माझं तोंडही बघायचं नव्हतं. भिंतीकडे वळायला गेली, पण रविवारपासून तिला स्वतःहून कूसही बदलता येत नव्हती; पाठ जरा आखडलीये, असं दाजींना सांगून तिनं वेळ मारून नेली होती. दोनदा तिनं जोर लावून पाहिला.

मग डोळे मिटून मला म्हणाली, "वळव मला."

मी तिच्या कमरेखाली हात घातला आणि तिला भिंतीकडे वळवलं.