मोरपंखी साडीच्या पट्ट्या

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सासूबाईंनाही कळलं नाही, आणि त्या तर माझ्या डब्यात उद्या काय असणार हे आदल्या दिवशी सांगायच्या. त्या गेल्या आता. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तोंड उघडलं नसतं — निदान एवढं तरी खरं बोलते.

मी वसई पूर्वेला एका गाळ्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे नळाचे पितळी भाग बनतात. बायका ड्रिल मशीनवर बसून भोकं पाडतात, बाकीच्या पॅकिंग करतात. रोज सकाळी दारात उभं राहून प्रत्येकीचे कपडे तपासणं हे माझं काम. ओढणी काढून खुंटीवर. केस टोपीत. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, त्यावर पिन. बांगड्या पर्समध्ये. पायात बूट, चप्पल चालणार नाही. आणि ड्रिलवर हातमोजे अजिबात नाहीत. नवीन मुलींना हे उलटंच वाटतं, पण फिरत्या मशीनला मोज्याचा एक सुटा धागा पुरतो. माझ्या हातात पिनांचा डबा असतो, म्हणून मला पिनताई म्हणतात. माझ्या मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, ते इथे नको.

नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट सांगते. आमच्याकडे सुगंधा नावाची बाई होती. शंभरदा सांगितलं, पण ऐकलं नाही. साडी नेसून मशीनवर बसली. पदर गेला, पदरामागे हात गेला. एवढं सांगून मी जरा थांबते. कुठे थांबायचं ते आता सवयीने कळतं. मुली आपापल्या ओढण्या चाचपायला लागतात. शेजारच्या गाळ्यांतूनही मला ही गोष्ट सांगायला बोलावतात. एकदा शाल आणि नारळ दिला. शाल कपाटात आहे, नारळाच्या वड्या केल्या.

गोष्टीत खोटं फार नाही. साडी खरी, मशीन खरं, हात खरा. एकच वाक्य खोटं आहे — कुठलं ते सांगते. पण आधी सुगंधा कशी होती ते सांगायला हवं.

ती पूर्वेच्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. बोलताना पन, कोन, पानी. आमच्यातल्या काही बायका तिची नक्कल करायच्या. मीही हसायचे, कशाला लपवू? पण दारावर एकटी तीच अशी होती की जिला मला कधी पिन द्यावी लागली नाही. घरूनच सगळं नीट करून यायची. केस इतके चापून बांधलेले की टोपी फक्त नावाला. एकदा मीच घाईत ओढणीसकट आत शिरले, तर म्हणाली, "ताई, तुमची खुंटी रिकामी हाय." सगळ्या खिदळल्या. मला राग आला. तो राग माझ्यात किती दिवस राहिला होता? पुढे जे केलं त्यात तो होता का? मला सांगता येत नाही. होता असं धरून चाला.

मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचे नऊ रंग तुम्हाला माहीत असतीलच. ऑफिसांतल्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून फोटो काढतात, पेपरात पाठवतात, छापूनही येतात. मला वाटलं, आम्ही काय घोडं मारलंय? पितळेच्या भुशात बसतो म्हणून आम्हाला हौस नाही? मोरपंखी रंगाच्या दिवशी सगळ्यांनी साडीत यायचं, असं मीच जाहीर केलं. फोटो काढायचा, मग कपडे बदलायचे आणि कामाला लागायचं. सगळ्या खूश. एकटी सुगंधा म्हणाली, "ताई, मसीनवर साडी बरी नाय. आन तो रंग माज्याकडं पन नाय."

मी म्हटलं, "एक दिवस तरी माणसात ये गं!"

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. सगळ्या हसल्या. तीही हसली, कारण दुसरं काय करणार होती? संध्याकाळी सुटताना मी तिला बाजूला घेऊन पिशवी दिली. आत माझी साडी होती. माणिकपूरला घेतलेली, भाच्याच्या बारशाला एकदाच नेसलेली, सिंथेटिक. तिने दोन वेळा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी घेतली. ही पिशवी आम्हा दोघींशिवाय कोणी पाहिली नाही.

फोटो छान आला. म्हणजे तेव्हा छान वाटला. कपडे बदलायची खोली एकच, रांग लागली, आणि सुगंधा रांगेत शेवटची. तिच्या हातात घडी केलेला ड्रेस होता. तेवढ्यात टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, तिच्याच मशीनचा माल अडला होता. मी तिला दंडाला धरून मशीनपाशी नेलं. "राहू दे आता. पदर खोच, वरून ॲप्रन घाल. तासाभराचं काम, काही होत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला. मीच मागून ॲप्रनच्या नाड्या बांधल्या. पिनांचा डबा माझ्याच हातात होता, आणि पदराला एक पिन लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

ती वाकली तसा पदर सुटला. सुती असता तर टर्रकन फाटला असता. सिंथेटिक कापड फाटत नाही, ते गुंडाळत जातं. हे मी आता शिकवते. मशीन बंद मीच केलं, कात्रीने पदरही मीच कापला. तिच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं, आणि दोन बोटं वाकेनाशी झाली. ती ओरडली नाही फारशी. "ताई, ताई" एवढंच म्हणत होती.

दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, "दारावर तू असतेस ना? मग ही साडीत मशीनपर्यंत पोचली कशी?"

विचार करायला किती वेळ होता मला? एक घोट पाण्याचा. घरी दोन पोरं, आचोळ्यातलं नवं घर, नोकरी गेली तर काय — हे सगळं डोक्यात आलं असं सांगितलं तर बरं दिसेल. पण तसं काही आलं नव्हतं. फक्त मला बोलणी खायची नव्हती. मी म्हटलं, "बदल म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही तिने."

हेच ते वाक्य. मालकांनी ते रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, मी लिहिलं, खाली सही केली. अक्षर चांगलं आहे माझं.

बाकीच्या बायकांनी मशीनच्या आवाजात माझं बोलणं ऐकलं नव्हतं. सुगंधाला कोणी विचारलंच नाही. तिच्याच हट्टाने झालं, असं ठरलं आणि तिला परत कामावर घेतलं नाही. पितळेवर बारीक भोक तिच्यासारखं कोणी पाडत नसे. पुढे बरेच दिवस माल परत यायचा.

मला भीती होती की ती येईल, आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगेल. ती आली. दिवाळी झाल्यावर, माझ्या घरी, पत्ता विचारत विचारत. उजवा हात ओढणीत धरलेला, डाव्या हातात पिशवी. मी आत ये म्हटलं नाही, दारातच उभी राहिले. पिशवीत माझी साडी होती. धुतलेली, इस्त्री केलेली. कापलेल्या पदराची कड आत दुमडून टाके घातले होते. टाके वाकडेतिकडे, एक मोठा, एक छोटा.

म्हणाली, "डाव्या हातानं घातलंय, ताई. गोड मानून घ्या. तुमची वस्तू, माज्याकडं कशी ठेवू?"

मी "बरं" म्हटलं. पाणी विचारलं नाही. ती जिना उतरली, मी दार लावलं. नंतर कधी भेट नाही. ती कुठे आहे, काय करते, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारणं अवघड नव्हतं, तिच्या गावच्या दोन बायका अजून आमच्याकडे आहेत.

तो फोटो पेपरात छापून आला नाही.

अजून थोडं उरलंय. नवीन मुलींना नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी एका लांब काठीला कापडाची पट्टी बांधते आणि चालू ड्रिलपाशी नेते. डोळ्यांची पापणी लवायच्या आत पट्टी आत ओढली जाते, काठीला हिसका बसतो. मुली मागे सरकतात. सुती पट्टी फाटून जाते, तेवढा परिणाम होत नाही. सिंथेटिक लागते. साडी घरात ठेवायची नव्हती. टाकली असती तर कोणीतरी विचारलं असतं, चांगली साडी का टाकली म्हणून. मी ती कापली. एका साडीच्या पुष्कळ पट्ट्या निघतात. इतकी वर्षं पुरल्या.

वाकड्या टाक्यांची पट्टी मी सगळ्यांत आधी वापरली.

आता तीन उरल्यात. सोमवारी सहा नवीन मुली येणार आहेत, त्यांच्यासाठी एक पट्टी काढून पिनांच्या डब्याखाली ठेवली आहे.