गारपिटीनंतरचा तित्तर

यवतमाळात बर्फ पडत नाही. एका जानेवारीत मात्र घाटंजीच्या रस्त्याकडेची शेतं सकाळी पांढरी दिसली. आदल्या संध्याकाळी गारा पडल्या होत्या आणि थंडीमुळे बांधांच्या आडोशाला त्यांचे थर तसेच राहिले होते. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो.

हिवाळ्यात रोज सकाळी मी पक्षी बघायला त्या बाजूला जात असे. सोबत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा असत. ते त्यांच्या तित्तराला फिरवायला येत. शहरात असे शौकीन बरेच होते. पिंजऱ्यावर कापडी गिलाफ घालून पक्ष्याला शेतात न्यायचं, तिथे दार उघडायचं. तो मालकाच्या मागे मागे पळत राही. रानातला तित्तर ओरडला की हा थांबे, मान वर करून उत्तर देई. त्या उत्तरासाठी एवढी पायपीट. चाची वारल्यापासून चाचा घरात एकटेच होते. "घरात बोलणारा तेवढाच एक," असं ते तित्तराबद्दल सांगत.

गारा आल्या तेव्हा पिंजरा दुकानापुढच्या कडुनिंबाला टांगलेला होता. चाचा पोचेपर्यंत फांदी मोडून तो खाली आला होता. पक्ष्याला जखम नव्हती, दाणेही तो टिपत होता. पण पहाटे हमखास ओरडणारा तो त्या पहाटे ओरडला नाही.

"घाबरला हाय," चाचा वाटेत म्हणाले. "रानातल्याचा आवाज आला का बोलंन. त्याले राहवतच नाही."

बाभळीखाली बगळे पडले होते. पुढे पोपट, साळुंक्या. तूर आडवी झाली होती, कापसाची बोंडं चिखलात होती. एरवी पक्षी ओळखायला मी दुर्बीण लावत असे. त्या दिवशी ती गळ्यातच राहिली. पक्षी पायाशी होते.

नाल्याकाठी बोरीच्या झुडपांपाशी आम्ही थांबलो. रोज इथूनच तित्तरांची एकमेकांना हाक-उत्तरं चालत. चाचांनी गिलाफ काढला, दार उघडलं. पक्षी बाहेर आला, गारांवर एक पाय ठेवून मागे सरला आणि आत गेला.

"पेपरवाले, तुमचे कान तरणे हायेत. काही आयकू येते?"

"नाही चाचा."

"थांबा जरा. थंडी हाय, उशिरा उठत असतीन."

सूर्य वर आला. आवाज आला नाही. मग चाचांनी दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि स्वतःच रानातल्या तित्तरासारखी हाक दिली. थांबून पिंजऱ्याकडे पाहिलं. पुन्हा दिली. पक्षी कोपऱ्यात अंग फुगवून बसून होता.

पलीकडच्या शेतात जवळच्या तांड्यावरची एक बाई टोपलं घेऊन वाकली होती. ती कापूस वेचत असावी, असं मला वाटलं होतं. हाक ऐकून ती हसली.

"काहून ओरडून राह्यले चाचा? तितरं पाह्यजेत का? या, घेऊन जा. आज फुकटचा बाजार हाय!"

ती बांधावर आली. टोपल्यात तित्तरच होते. संकटात तित्तर उडण्याऐवजी झुडपाखाली दबून बसतो. गारांतही ते तसेच बसले असावेत. चाचांनी एक उचलला, पंख उलगडून पाहिले, परत ठेवला.

"बाई, जितं एखादं दिसलं का?"

"जितं कोठचं?" असं म्हणता म्हणता तिला पिंजरा दिसला. तिने पदर टोपल्यावर ओढला. "त्या पलीकडच्या धुऱ्यापर्यंत पाह्यलं चाचा. नाही दिसलं."

मी गारपिटीची बातमी पाठवली. पिकांचं नुकसान छापून आलं; पक्ष्यांचं वाक्य गाळलं गेलं.

पुढे काही दिवस आम्ही वाट बदलून पाहिली. बोरी अरब गावाच्या रस्त्याला गेलो, टेकडीच्या बाजूला गेलो. एकदा लांबून तित्तराचा आवाज आला, अगदी स्पष्ट. चाचांनी घाईने गिलाफ काढला, दार उघडलं. पक्ष्याने मान वर केली, ऐकलं आणि तो पुन्हा दाणे टिपू लागला.

चाचांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी त्यांच्या दुकानाशी थांबलो, तेव्हा ते ट्यूबला ठिगळ लावत होते.

"तुम्ही जा," ते मान वर न करता म्हणाले. "त्यानं आयकलं, पेपरवाले. आता कायले न्यायचं त्याले?"