वाढत्या अंगाची घोडी

हिवाळ्यातल्या सकाळी घोड्याच्या अंगातून वाफ निघताना तुम्ही कधी पाहिली आहे का? दवाने भिजलेल्या हरभऱ्याच्या शेतावरून ऊन तिरपे येत असते, आणि त्या कोवळ्या उन्हात फेरी मारून परतलेल्या जनावराच्या पाठीवरून एक पातळ, शुभ्र पदर हलकेच वर चढतो. त्याला घामाचा, ओल्या कडब्याचा, तेल पाजलेल्या चामड्याचा वास असतो. परवा वाशीमबाहेर, अनसिंगच्या रस्त्याला, सलीमभाईंच्या तबेल्यात तो वास छातीभर घेत मी उभी होते. आणि इतक्या प्रसन्न सकाळी आपल्याला इतका संताप यावा, याचाच मला संताप येत होता.

माझा धाकटा भाऊ दिलीप याला आपल्या मुलीसाठी, कावेरीसाठी, स्पर्धेचे तट्टू घ्यायचे होते. कावेरी चौदा वर्षांची. गावाबाहेरच्या मैदानावर ती घोड्यावर बसायला शिकली, आडवे बांबू लावून केलेले अडथळे ओलांडायला शिकली, आणि आता नागपूरच्या स्पर्धेत उतरायचे तर स्वतःचे जनावर हवे, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले. मुलांच्या गटात ठरावीक उंचीच्या आतलेच तट्टू चालते. आणि आमची कावेरी तर पावसाळ्यातल्या ज्वारीसारखी वाढते आहे! दिवाळीचा ड्रेस संक्रांतीला आखूड होतो. दिलीपची ऐपत एकदाच जनावर घेण्याची. ते चुकीचे निघाले, तर वर्षभरात तिचे पाय लोंबू लागणार आणि तिचा हा ध्यास तिथेच संपणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. काहींना तर ते हवेच होते.

किन्हीराजा गावच्या मामींनी तर माझ्यादेखत दिलीपला तोंडावर सांगितले, "पोरगी वाढून राह्यली बांबूवानी, अन तुमी तिले घोड्यावर चढवता! उद्या एवढ्या उंचीचा पोरगा कुठून आनसान?" मामींची उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मला माहीत आहे, पण त्या बोलल्या आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही. अहो, मुलीची उंची म्हणजे काय तिने केलेला गुन्हा आहे? आपल्या भाषेत तर उंच मुलीला हाक मारायचीच ती 'घोडमी' म्हणून. एवढी घोडमी झाली तरी अक्कल नाही, एवढी घोडमी झाली तरी फिदीफिदी हसते! शिवी देताना घोडा चालतो. आपले घोडे पुढे दामटताना चालतो, काम उरकले की गंगेत न्हाऊ घालायलाही चालतो. फक्त त्याच मुलीने खराखुरा घोडा मागितला, की सगळ्यांना हसू फुटते.

आणि आपली व्यवहारबुद्धी तरी कशी पाहा! लेकराचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. बाह्या बोटांवर येतात, चड्डी गुडघ्याखाली लोंबते, तरी दुकानदाराला आपण बजावतो, अजून एक माप मोठे द्या. चप्पल घेतो तीही पुढे बोटभर जागा सोडून. म्हणजे मूल वाढणार, हे गृहीत धरण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही. मग नेमके तिच्या स्वप्नाचे माप घेतानाच आपण आजच्या अंगाला चिकटून का बसतो? कुणास ठाऊक, आतून कुठेतरी असे तर वाटत नसेल ना, की मुलीचे असले स्वप्न वर्षभरच टिकायचे असते?

दिलीप त्या लोकांतला नाही. पण तो भोळा आहे. तबेल्यात त्याने आधी एका शिंगराला पसंती दिली. तांबूस, लखलखीत, पाय एका जागी न ठरणारे. "दोघं संगं वाढतील ना, ताई," तो मला म्हणाला. किती गोड वाक्य, आणि किती घातकी! ज्याला अजून लगामाचा अर्थ उमगलेला नाही असे जनावर, आणि जिला रोज सकाळी आपलेच हातपाय नवे वाटतात अशी मुलगी. दोघांपैकी एकाला तरी रस्ता माहीत हवा की नको? मी तसे स्पष्ट बोलले. दिलीप हिरमुसला, पण त्याने शिंगराचा नाद सोडला.

मग सलीमभाईंनी पांढरेशुभ्र तट्टू पुढे आणले. आटोपशीर, देखणे, आयाळ विंचरलेली. सलीमभाई वरातीला घोड्या देतात, त्यामुळे जनावर सजवून दाखवण्यात त्यांचा हातखंडा. "दिलीपभाऊ, याच्या गळ्यावर देवमण पाहा. नसीबवाला जनावर आहे!" देवमण म्हणजे गळ्यावरचा केसांचा शुभ भोवरा. दिलीपने त्यावरून बोट फिरवले, आणि त्याचा चेहरा उजळला. कावेरीला वर बसवले.

तिने काय केले, सांगू? तिने गुडघे वर ओढून घेतले. खांदे आत घेतले, मान खाली केली, पाठीला पोक काढला. त्या तट्टावर आपण शोभावे म्हणून ती पोर लहान होऊन बसली. आपण मोठ्या दिसलो तर काहीच मिळणार नाही, हे तिला कुणी न सांगता कळले होते. तो पोक मी ओळखते. शाळेच्या प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभी असणारी मी, पाहुणे बघायला आले की असाच पोक काढून चहा घेऊन जात असे, आणि आई त्याला विनय म्हणत असे. माझे गेले ते गेले. पण या मुलीनेही तेच शिकावे? माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते दुःखाचे नव्हते, निव्वळ रागाचे होते.

तट्टाने दोन फेऱ्या मारल्या. त्याची पावले तोकडी पडू लागली. कावेरीने ते आमच्याआधी ओळखले आणि ती आपणहून खाली उतरली.

"बाबा, याच्यावर मले श्वास धरून बसा लागते," ती म्हणाली. "याले मी जड होऊन राह्यली. मले थे घोडी पाह्यजे."

तिने बोट दाखवले ते मागच्या खुंट्याकडे. तिथे एक करडी घोडी शांतपणे कडबा खात होती. मुलांच्या गटाच्या उंचीत जेमतेम बसणारी, वयाने पोक्त, लांब मानेची. आणि छाती अशी भरदार, की उंच मुलीचे पाय तिच्या कुशीला नीट लागावेत.

"नको बेटा," सलीमभाई घाईने म्हणाले. "आसूढाळ आहे थे. वरातीले बी कोनी नेत नाही."

आसूढाळ म्हणजे डोळ्याखाली, आसवे वाहतात त्या जागी असलेला भोवरा. असले जनावर घरधन्याला रडवते म्हणे. म्हणजे एक बिनखोडीची, गुणी घोडी चार केस उलटे वळले म्हणून खुंट्याला सडत होती! दिलीपचा चेहरा पडला. "अवं, पन भोवरा..." तो पुटपुटला.

"माह्या डोक्यात दोन भोवरे आहेत," कावेरी म्हणाली. "आजी म्हनते, मी दोन नवरे करीन. मंग मलेबी खुंट्याले बांधून ठेवता का?"

सलीमभाई आधी चपापले, मग मोठ्याने हसले. दिलीप हसला नाही. स्वतःच जाऊन त्याने घोडी सोडून आणली, खोगीर चढवले. कावेरी वर बसली, आणि या वेळी तिने काहीच आत ओढून घेतले नाही. पाय सरळ खाली सोडले, पाठ ताठ केली. घोडी लांब, सावकाश पावले टाकत मैदानाला वळसा घालून आली.

दिलीप पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा सैल करू लागला. एकेक भोक सोडत तो शेवटच्या भोकाशी आला, तेव्हा कुठे कावेरीचा पाय नीट बसला. तो थबकला. पट्ट्याचे उरलेले टोक त्याने बोटांत धरून पाहिले.

"भाई," तो म्हणाला, "याच्या खाली आनखी दोन भोकं पाडून द्या. पोरगी अजून वाढनार आहे."

हे वाक्य आमच्या घरात मी वर्षभर ऐकत होते. तक्रारीवाचून ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.