केसांवर आलेली परात

मिरजगावात गळलेल्या केसांवर भांडी देणारी बाई आली, की दीपा लाजेनं आतल्या खोलीत जायची. तिच्या सासूबाई चांगुणाबाई मात्र सुनेच्या केसांची पिशवी घेऊन ओट्यावर बसायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "आमच्या दीपाचे केस लई दाट!"

दाट कसले! विरळ झालेला भांग दिसू नये म्हणून ती घरातसुद्धा पदर घेऊन वावरायची.

शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "पुरुषी हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन रक्तात कमी पडलंय, म्हणून तो मोकाट सुटून केसांच्या मुळावर उठलाय. केस किती गळतात?"

दीपानं पदर पुढं ओढला.

"औंदा परात आली, दोन पातेली आली..." सोबत आलेल्या चांगुणाबाई सवयीनं बोलून गेल्या आणि पुढचं भांडं तोंडातच राहिलं. पदर पुढं ओढायची पाळी आता त्यांच्यावर आली.